डबा नंतर, आधी जोड

सकाळी ७.००

वणीत रात्रभर पाऊस होता. घटस्थापना तोंडावर आलेली, जगदंबेच्या देवळाकडे मांडवाचे बांबू उतरताहेत, नांदुरीच्या रस्त्याला गडाच्या गाड्या वाढल्यात. केबल आणि इंटरनेटची दुरुस्ती करणाऱ्याच्या फोनवर अशा सकाळी मिस्ड कॉलची रांग असायचीच. तरी मी फोन नंतर उचलतो. आधी कंट्रोल रूममधली स्क्रीन बघतो.

नाशिकहून फायबरने येणारा सिग्नल इथल्या ओएलटी नावाच्या यंत्रात शिरतो आणि तिथून गावभर फुटतो. ज्या घरांत फायबरचा डबा आहे, त्या प्रत्येकाची हजेरी या यंत्रावर लागते. गैरहजर असेल त्याचं कारणही बहुतेकदा तिथंच कळतं. घरची लाईट गेली, की डबा बंद पडता पडता आतल्या उरल्यासुरल्या विजेवर एक शेवटचा निरोप धाडतो. तो निरोप आलेला असेल तर तक्रार माझी नाही, महावितरणची आहे. निरोप न देताच डबा गप्प झाला असेल तर मात्र वाटेत कुठंतरी फायबर तुटली आहे आणि शिडी काढायची आहे.

आज एका आळीतली सगळी घरं निरोप देऊन गेली आहेत. त्या फोनांना एकच उत्तर: "लाईट आल्यावर आपोआप चालू होईल, डब्याचं बटण दाबत बसू नका." निम्मी रांग इथंच संपली.

उरलेली निम्मी घरं जुनी आहेत, काळ्या वायरीची. कोॲक्सिअल हे तिचं पूर्ण नाव, पण आमच्यात तिला कोणी त्या नावानं हाक मारत नाही. 'आरजी-६' किंवा नुसतं 'केबल'. ही घरं ओएलटीला दिसत नाहीत. ती समजायला तिथं जावंच लागतं. बरोबर एक पोरगा आहे, आयटीआय करून आलेला. बॅग भरताना तो सगळ्यात आधी दोन नवे सेट टॉप बॉक्स टाकतो. मी ते काढून कपाटात ठेवतो आणि त्या जागी कनेक्टरची पिशवी टाकतो.

सकाळी ८.००

पहिलं घर आजींचं. तक्रार : चित्र फुटतं, चौकोन पडतात, आवाज तुटतो. "पण सगळे चॅनल नाही बाळा, ठरावीकच. देवाचं चॅनल नीट चालतं, माझी मालिका मात्र फुटते."

आजींनी निम्मं काम करून ठेवलं होतं. डिजिटल केबलमध्ये ८ मेगाहर्ट्झचा एकेक कप्पा असतो आणि एका कप्प्यात डझनभर किंवा जास्त चॅनल एकत्र भरलेले असतात. रिमोटवर शेजारी असणारे चॅनल एका कप्प्यात असतीलच असं नाही. म्हणून कोणते फुटतात आणि कोणते नाही हे विचारून घ्यायचं आणि आमच्या यादीशी ताडून बघायचं. आजींचे फुटणारे सगळे चॅनल ६५० मेगाहर्ट्झच्या वरचे निघाले, चालणारे सगळे खालचे.

वरच्या फ्रिक्वेन्सीला केबलमध्ये लॉस जास्त होतो. आरजी-६ची शंभर मीटर वायर घेतली तर ५० मेगाहर्ट्झला साधारण पाच डीबी जातात आणि १,००० मेगाहर्ट्झला वीस-बावीस. वायर धडधाकट असेल तर हा उतार ठरलेला असतो. उतार अचानक तीव्र झाला, की समजायचं वायरीत पाणी शिरलंय. जुन्या अॅनालॉग काळात सिग्नल पडला तर चित्रात मुंग्या यायच्या, पण माणूस बघत राहायचा. डिजिटलमध्ये एका हद्दीपर्यंत चित्र स्वच्छ असतं आणि त्या हद्दीच्या खाली एकदम फुटतं. म्हणून लोकांना वाटतं डबा काल चांगला होता, आज बिघडला. प्रत्यक्षात वायर सहा महिने कुजत असते.

मीटर लावला. खांबावरच्या टॅपला वरच्या कप्प्यावर ६६, आजींच्या टीव्हीमागे ४१. मध्ये फक्त तीस मीटर वायर. सहा-सात डीबी जायला हवे होते, पंचवीस गेले. गच्चीवर गेलो तर जोड सापडला. दोन वायरी एका बॅरलने जोडलेल्या, वर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली आणि तो जोड गच्चीच्या पन्हाळीखाली. टेप सोडली तर आतून पाणी टपकलं. जाळी काळी पडलेली, पितळ हिरवं. वायर मागे कापत गेलो. स्वच्छ तांबं आणि पांढरा कोरडा फोम दिसेपर्यंत दीड हात वायर फेकावी लागली, कारण पाणी जाळीतून आत ओढलं जातं.

नवा जोड भिंतीच्या आतल्या बाजूला घेतला आणि खिडकीतून आत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ दिला. पाणी झोळाच्या तळाशी येऊन गळतं, आत येत नाही. टीव्हीमागे आता ५९. आजींनी मालिकेचं चॅनल लावून पाहिलं. त्या वेळी तिथं कुकरची जाहिरात चालू होती, पण चौकोनांशिवाय.

सकाळी ९.३०

आजचं खरं कोडं सापुतारा रस्त्यावरच्या तीनमजली घरात आहे. खाली दुकान, मध्ये आई-वडील, वर मुलगा आणि सूनबाई. सूनबाई वरच्या खोलीत बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतात. राउटर दुकानात. दोन स्लॅब आणि एक लोखंडी जिना ओलांडून वायफाय वर पोचतं तेव्हा त्यात जीव उरलेला नसतो. नवी लॅन वायर ओढायची तर भिंतीतला पाइप रंगकामाच्या वेळी कुठंतरी बुजला आहे आणि भिंत फोडायला वडील तयार नाहीत. भिंतीत जुनी आरजी-६ मात्र तिन्ही मजल्यांवर आहे.

म्हणून अमेरिकेतल्या भावानं येताना दोन छोटे डबे आणले. त्या तंत्राचं नाव मोका. २००४ साली हे मानक उभं करायला तिकडच्या कंपन्या एकत्र आल्या, कारण तिथल्या घरांत खोलीखोलीत टीव्हीची कोॲक्स आधीच टाकलेली होती. एक डबा राउटरला, दुसरा वरच्या मजल्यावर, मध्ये तीच जुनी वायर. २०१६च्या मोका २.५ मानकात कागदावर अडीच हजार एमबीपीएस मिळतात आणि एका वायरीवर सोळा डबे बोलू शकतात. आमच्या भागात हे डबे दुकानात मिळत नाहीत. ज्यांचं कोणी परदेशात आहे त्यांच्याच घरी दिसतात. इथं मात्र दोन्ही डब्यांवरचा जोडणीचा दिवा लागतच नव्हता.

"भाऊ, आणलेला मालच खराब दिसतोय. परत पाठवायचा कसा?" वडिलांचा प्रश्न.

मी दोन्ही डबे दुकानाच्या काउंटरवर घेतले, बॅगेतली मीटरभर चांगली वायर मध्ये लावली आणि दोन्हींना लाईट दिली. मिनिटभरात दिवे लागले. डबे निर्दोष सुटले, भिंत आरोपी ठरली. दुरुस्तीत ही पायरी टाळली तर अख्खा दिवस अंदाजात जातो. शंका असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या आणि एकीला स्वच्छ परिस्थितीत चालवून बघायचं.

आता भिंतीतली वायर कुठून कुठं जाते ते शोधायचं. हे घर बांधलं तेव्हा एक टीव्ही होता. पुढं मधल्या मजल्यावर दुसरा आला, मग मुलाचं लग्न झालं आणि वर तिसरा. प्रत्येक वेळी कोणीतरी आला, वायर कापली आणि एक स्प्लिटर टाकून गेला. स्प्लिटर म्हणजे शेताची वाटणी आहे: दोन भाऊ झाले की प्रत्येकाच्या हातात निम्मं, आणि वर बांधात जातं ते वेगळंच. दोन फाट्यांच्या स्प्लिटरला प्रत्येक फाट्यावर साडेतीन डीबी जातात, चार फाट्यांच्या सुमारे सात आणि आठांच्या अकराच्या आसपास.

माळ्यावर पहिला स्प्लिटर सापडला. त्याच्या पाठीवर लिहिलेलं : ५ ते १,००० मेगाहर्ट्झ. टीव्हीला हे पुरतं, कारण आमची केबल ८६२च्या आत संपते. मोका मात्र ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झमध्ये बोलतो. तिथं या स्प्लिटरचा भरवसा नाही. कधी चालतो, कधी वीस डीबी खातो. पुढं मधल्या मजल्यावर पीओपीच्या छतात एक लहान अँप्लिफायर निघाला, टीव्हीचा सिग्नल वाढवायला कोणीतरी बसवलेला. तो एकाच दिशेने सिग्नल नेतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला ओळखतही नाही. मोकाच्या डब्यांना एकमेकांशी दोन्ही बाजूंनी बोलायचं असतं, त्यांच्यासाठी हा अँप्लिफायर म्हणजे बंद दार. आणि शेवटी वरच्या मजल्यावर त्याच वायरीत छत्रीचं कनेक्शन मिसळलेलं. डीटीएचच्या छत्रीकडून खाली येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा, म्हणजे बरोबर मोकाच्या अंगावर. शिवाय छत्रीच्या एलएनबीला लागणारी १३ किंवा १८ व्होल्टची वीज याच वायरीतून वर चढते. ती भलत्या डब्यात शिरली तर तो डबा खरंच जाईल.

तीन अडथळे एकदम काढले तर कोणता दोषी हे कळत नाही. पोराला सांगितलं, एकेक काढायचा आणि प्रत्येकानंतर दिवा बघायचा. आधी छत्री वेगळी केली. दिवा नाही. अँप्लिफायर काढून तिथं बॅरलने सरळ जोड दिला. दिवा लुकलुकला, टिकला नाही. माळ्यावरचा स्प्लिटर काढून बॅगेतला रुंद पट्ट्याचा टाकला. दिवा पक्का झाला.

छत्रीला बाहेरून स्वतंत्र वायर दिली. केबल घरात शिरते त्या तोंडाशी एक फिल्टर बसवला. भावानं डब्यांसोबत तोही आणला होता, पण काय आहे हे न कळल्यानं खोक्यातच राहिला होता. बोटाएवढी ही नळी टीव्हीचा सिग्नल आत येऊ देते आणि मोकाचा बाहेर जाऊ देत नाही. ती नसेल तर या घरातलं बोलणं टॅपवरून शेजारच्या घरापर्यंत पोचू शकतं. शेजाऱ्यानं उद्या असेच डबे आणले तर दोन्ही घरं एका वायरीवर येतील. फिल्टरचा दुसरा फायदा असा, की आतल्या सिग्नलला तो परत घरात लोटतो, त्यामुळं जोडणी थोडी बळकटच होते.

सूनबाईंनी लॅपटॉपवर वेग मोजला : ९४. प्लॅन २०० एमबीपीएसचा. पुन्हा मोजला तरी ९४. हा आकडा मला ओळखीचा आहे. वेग ९४-९५ला येऊन भिंतीला टेकल्यासारखा थांबला, की कुठंतरी शंभराचा जोड आहे. कोॲक्सचा दोष असा नेमका आकडा देत नाही, तो वरखाली होतो. मोकाच्या डब्यापासून लॅपटॉपपर्यंतची लॅन पॅचकॉर्ड बघितली. हजारासाठी आठही तारा लागतात, शंभर चारांवर भागतं. कॉर्डच्या टोकाची एक तार तुटलेली होती. कॉर्ड बदलली, १९६ आले.

वडील म्हणाले, "म्हणजे डबे चांगले होते तर." मी म्हटलं, "नाना, डबे बहुतेकदा चांगलेच असतात."

दुपारी १२.००

पिंपळगावकडे टोमॅटो घेऊन निघालेल्या पिकअपनं क्रेटांचा थर जरा जास्तच उंच लावला आणि रस्त्यावरून गेलेली फायबर ओढून नेली. असं काम डोक्याचं नसतं, हातांचं असतं. बारा कोरची फायबर: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी या ठरलेल्या क्रमानं रंगाला रंग लावायचा, काच पुसायची, कापायची, स्प्लायसिंग मशीनमध्ये ठेवायची. मशीन ठिणगी पाडून दोन काचा वितळवून एक करतं. लॉस ०.०२ डीबी दाखवला. कोॲक्सच्या एका गंजक्या कनेक्टरमध्ये याच्या शंभरपट सहज जातात. खांबावरची उंची वाढवून घेतली आणि पुढं निघालो. फायबर तुटते तेव्हा पूर्ण तुटते, त्यामुळं सापडायला सोपी. केबल अर्धवट बिघडते आणि तिथंच सगळा वेळ जातो.

दुपारी १.३०

डबा उघडतो: भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. पोरगा विचारतो, "दादा, ही काळी वायर लोक टाकून का देत नाहीत?"

प्रश्न रास्त आहे. आज आपण वापरतो त्या जातीच्या कोॲक्सचा शोध १९२९चा, बेल कंपनीच्या लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन अॅफेल या दोघांचा. शेकडो फोनकॉल आणि पुढं टीव्हीही एकाच तारेतून नेता यावा म्हणून. मधली तार आणि भोवतीची जाळी यांच्यामध्येच सिग्नल बंदिस्त राहतो, बाहेरचं आत येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही. अर्थात जाळी सलग असेल तोवरच.

आपल्याकडं ही वायर गावोगाव पसरली नव्वदच्या दशकात. १९९१चं आखाती युद्ध लोकांनी उपग्रह वाहिनीवर पाहिलं, मग गल्लीबोळात छत्र्या आणि कंट्रोल रूम उभ्या राहिल्या. कायदा मागाहून आला, १९९५ साली. डिजिटल सक्ती टप्प्याटप्प्यानं आली: मुंबईला २०१२च्या अखेरीस, नाशिक शहराला २०१३च्या मार्चनंतर आणि ग्रामीण भागाचा शेवटचा टप्पा ३१ मार्च २०१७च्या मुदतीनं. डबे बदलले, पण वायर तीच राहिली. त्याच सुमारास, सप्टेंबर २०१६पासून, मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि फेब्रुवारी २०१९पासून ट्रायच्या नव्या दरपत्रकानं प्रत्येक चॅनलचा हिशोब वेगळा झाला. तेव्हा पहिल्या शंभर चॅनलांचं नुसतं नेटवर्क भाडंच १३० रुपये अधिक जीएसटी होतं. कितीतरी घरांनी टीव्हीची केबल सोडली. वायर मात्र भिंतीतून कोणी उपसली नाही, कारण ती उपसायला भिंत फोडावी लागते. म्हणून ती टाकून द्यायची की तिच्यातून काम काढून घ्यायचं, हा प्रश्न प्रत्येक घरात वेगळा सोडवावा लागतो.

पोराला एवढंच सांगितलं, "वायर जुनी झाली म्हणून वाईट होत नाही. जोड वाईट असला की होते." त्यानं मान हलवली. पटलंय की जेवण लवकर संपवायचंय, ते कळलं नाही.

दुपारी ३.००

स्टँडजवळच्या लॉजवर शेठ वाटच पाहत होते. नवरात्रात सगळ्या खोल्या भरतात आणि खोली दाखवताना पहिला प्रश्न आता गरम पाण्याचा नसतो, वायफायचा असतो. लॉजला लॅन वायरिंग नाही. प्रत्येक खोलीत टीव्हीसाठी कोॲक्स आहे, तिच्यावरच इंटरनेट चढवलंय. गच्चीवर एक मास्टर डबा, खोल्यांत छोटे डबे. इंटरनेट ६५ मेगाहर्ट्झच्या खालच्या रिकाम्या पट्ट्यातून, टीव्ही वरच्या पट्ट्यातून, एकाच वायरीत दोघं एकमेकांना धक्का न लावता.

तक्रार अशी, की दिवसा झकास चालतं, संध्याकाळी खोल्या भरल्या की मरतं. शेठनी निदान करून ठेवलं होतं: "लाइनचा स्पीड वाढवून द्या, बास." मी विचारलं, "येणारे लोक नेमकं काय म्हणतात?" काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "व्हॉट्सअॅपचे फोटो येतात, पण जात नाहीत."

म्हणजे वेग कमी पडत नाही. खाली येणारी वाट चालू आहे, वर जाणारी तुंबली आहे. कोॲक्सवरच्या जाळ्याची ही खोड मुळातच आहे. मास्टरकडून निघालेला सिग्नल फाटत फाटत खोल्यांत जातो, पण परतीच्या वाटेवर सगळ्या खोल्यांचा आवाज गोळा होत होत एकट्या मास्टरच्या कानात शिरतो. एका खोलीतला गोंगाट सगळ्या मजल्यांचं बोलणं बुडवतो. शहरात केबल मोडेम चालवणाऱ्यांचीही हीच डोकेदुखी असते. तिथं एका घरातला ढिला कनेक्टर अख्ख्या वस्तीला भोवतो.

गोंगाट येतो कुठून? ६५च्या खालच्या पट्ट्यात स्वस्त मोबाइल चार्जर, एलईडी ट्यूब, टीव्हीचा पॉवर सप्लाय यांचा किरकिराट भरलेला असतो. जाळी सलग असेल तर तो बाहेरच राहतो. कनेक्टर ढिला असेल तर आत येतो. दिवसा खोल्या रिकाम्या, चार्जर बंद, म्हणून शांतता. संध्याकाळी पाहुणे आले, की किरकिराट सुरू.

सिद्ध करण्यासाठी संध्याकाळ व्हायची वाट बघायची गरज नव्हती. शेठना सांगून सगळ्या खोल्यांतले टीव्ही आणि दिवे लावायला लावले, चार्जर खोचले. मास्टरच्या पानावर प्रत्येक डब्याचा सिग्नल आणि गोंगाट यांचा फरक दिसतो. तो धडाधड पडला. मग गच्चीवरच्या मुख्य स्प्लिटरवरून एकेक मजला सोडवत गेलो. पहिला मजला काढला, फरक नाही. दुसरा काढला आणि उरलेल्या सगळ्या खोल्या एकदम सुधारल्या. दुसरा परत लावला आणि त्या मजल्याच्या स्प्लिटरवर तेच केलं, आता निम्म्या निम्म्या खोल्या सोडवत. असं अर्धं-अर्धं करत गेलं, की कितीही मोठं जाळं असो, दोषी लवकर गाठता येतो. जिन्यालगतच्या खोलीवर येऊन थांबलो.

टीव्हीमागे हात घालण्याआधी वायरीच्या जाळीला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. लॉजच्या टीव्हीला अर्थिंग नसेल तर त्याच्या पॉवर सप्लायमधली थोडी वीज वायरीच्या जाळीवर उतरते. ती बहुतेकदा झिणझिण्यांपुरती असते, पण शिडीवर उभ्या माणसाला खाली पाडायला तेवढी पुरे. पोराला हे पहिल्या दिवसापासून सांगतोय: कनेक्टरला हात नंतर, आधी टेस्टर. टीव्हीचा प्लग काढला.

कनेक्टर फिरवून बसवायच्या जातीचा होता. हातानं वायरीवर पिळायचा, हत्यार लागत नाही, म्हणून घाईतला माणूस तोच वापरतो. आतली जाळी मागे दुमडायच्या ऐवजी कापूनच टाकलेली. पिन जागेवर, म्हणून टीव्ही दिसायचा. जाळी कुठंच टेकलेली नाही, म्हणून खोलीभरचा किरकिराट आत यायचा. शिवाय त्या मजल्याच्या स्प्लिटरची दोन तोंडं नुसतीच उघडी. उघड्या तोंडावरून सिग्नल परत फिरतो आणि आपल्याच सिग्नलला धडकतो. तिथं ७५ ओहमचे टर्मिनेटर लावले. टिकलीएवढे असतात, रुपयांत किंमत.

त्या मजल्याचे सगळे कनेक्टर काढून कॉम्प्रेशनचे बसवले. मास्टरच्या पानावरचे आकडे वर आले आणि सगळे दिवे चालू असतानाही वरच राहिले. शेठच्या फोनवरून देवीचा फोटो पाठवून पाहिला, गेला.

पुढची गोष्ट मात्र शेठना आवडली नाही. "नवरात्रात तरी प्रत्येक खोलीला पाचच एमबीपीएसची मर्यादा घालतो," मी म्हटलं. या जुन्या डब्यांवर २०० लिहिलेलं असतं, हातात निम्म्यापेक्षा कमी येतं आणि तेही सगळ्या खोल्यांमध्ये मिळून. एका खोलीतल्या पोरांनी सिनेमा उतरवायला लावला तर बाकीचे कोरडे. शेठ म्हणाले, "मग उपाय?" उपाय फायबर, प्रत्येक मजल्यावर एक डबा. पण ते दिवाळीनंतर, गर्दी ओसरल्यावर. आज आहे त्या वायरीवर सण निघेल.

संध्याकाळी ५.३०

गावाबाहेरच्या मळ्यात. सापुतारा रस्त्यावरच्या घराची बातमी इथपर्यंत आली होती. मळेवाल्या दादांनी बांधावरून दीडशे मीटर आरजी-६ टाकूनही ठेवली, घरापासून टोमॅटोच्या शेडपर्यंत. "तसलेच डबे मागवून द्या. शेडमध्ये बसून भाव बघता येतील आणि कॅमेरापण चालेल."

शेडवर आधीपासून एक कॅमेरा होता, वेगळ्या वायरीनं घरातल्या रेकॉर्डरला जोडलेला. त्याच्या चित्रात आडवे पट्टे वर सरकत राहायचे. रात्रीच्या विजेनं रेकॉर्डरचं तेच तोंड जळालं. आज दिवसभरात पहिल्यांदाच खरोखर डबा गेलेला सापडला. पण का गेला? घराची अर्थिंग वेगळी, शेडची वेगळी. दोन ठिकाणच्या जमिनीत विजेचा फरक राहतो, तो वायरीच्या जाळीतून वाहतो आणि चित्रात ५० हर्ट्झचे पट्टे पाडतो. जवळपास वीज पडली, की तोच फरक क्षणभरात हजारो व्होल्टवर जातो आणि वायर ज्या डब्यात शिरते तो भाजतो. पट्टे म्हणजे आगाऊ सूचना होती.

म्हणून दादांना दोन कारणांनी नाही म्हटलं. दीडशे मीटरवर मोकाच्या फ्रिक्वेन्सीला तीस डीबीच्या पुढं जातात, जोडणी झाली तरी काठावर चालणार. आणि दोन इमारतींना तांब्यानं बांधायचं म्हणजे पुढच्या पावसाला निमंत्रण. त्याऐवजी दोन कोरची फायबर आणि दोन टोकांना दोन लहान कन्व्हर्टर. काचेतून वीज जात नाही. दादांचा चेहरा पडला, टाकलेली वायर फुकट गेली म्हणून. ती वायर शेडच्या आत दोन कॅमेऱ्यांना पुरेल असं सांगितलं, तेव्हा कुठं चहा आला.

संध्याकाळी ७.३०

मालिकांची वेळ, म्हणजे फोनची वेळ. आता घरोघर जाणं शक्य नसतं, प्रश्नांवर काम चालतं. "डब्यावर दिवा लाल की हिरवा?" लाल लुकलुकत असेल तर फायबर, उद्या सकाळी. "हिरवा आहे? मग राउटरची वायर काढून परत लावा, टक् आवाज आला पाहिजे." "वायफायवर येत नाही? राउटरजवळ जाऊन बघा. तिथं आलं तर लाइन चांगली आहे, भिंत आडवी येतेय."

एका ताईंचा फोन: फक्त तीनचार चॅनल फुटतात, तेही मधूनमधून. मी विचारलं, "मोबाइल कुठं ठेवलाय?" सेट टॉप बॉक्सवरच होता. ८५०च्या पट्ट्यातला मोबाइल टॉवरशी बोलताना ८२४ ते ८४९ मेगाहर्ट्झ वापरतो आणि आमच्या केबलचे काही कप्पे तिथंच आहेत. मोबाइल बाजूला ठेवल्यावर फुटणं थांबलं. ताई खूश झाल्या, तरी त्यांचं नाव उद्याच्या यादीत घातलं. वायरीची जाळी धड असती तर मोबाइल आत शिरलाच नसता. मागचा कनेक्टर बदलायला हवा.

रात्री ९.००

रजिस्टर लिहायचं. आमच्याकडं रकाने तीन : तक्रार, काय केलं, वेळ. चौथा मी हातानं आखून घेतलाय : कारण. 'डबा बदलला' हे कारण नव्हे. डबा बदलताना वायर निघते, पुन्हा बसते, ढिला जोड तात्पुरता टेकतो आणि सगळ्यांना वाटतं डबाच खराब होता. आठवड्यानं तीच तक्रार परत येते, तोवर नवा डबाही बदनाम झालेला असतो. कारण लिहायची सक्ती असली, की माणसाला डब्याच्या मागं बघावं लागतं.

तक्रार मिटवण्याचा वेग मोजला जातो, जोड किती टिकला हे कोणी मोजत नाही. फिरवायचा कनेक्टर अर्ध्या मिनिटात बसतो. कॉम्प्रेशनचा नीट बसवायला तीन मिनिटं लागतात: साल मापात सोलायची, मधल्या तारेवर चरा पडू द्यायचा नाही, जाळी मागे दुमडायची, फोम कनेक्टरच्या आतल्या कडेशी बरोबर आणायचा, हत्यारानं दाबायचा आणि शेवटी जोर लावून ओढून बघायचा. या अडीच मिनिटांची बचत पुढं कोणाची तरी संध्याकाळ खाते.

पोरानं आज शेवटचे चार कनेक्टर स्वतः केले. मी ओढून पाहिले. तीन पक्के, एक हातात आला. तो त्यानं न सांगता पुन्हा केला.

उद्या सकाळी ताईंचा कनेक्टर, मग लॉजचे उरलेले दोन मजले. बॅगेत कॉम्प्रेशनच्या कनेक्टरचं अख्खं पाकीट आणि टर्मिनेटर. कपाटातले दोन बॉक्स कपाटातच राहतील.